डोंगर-तळ्याजवळचे घर : गेल्या महिन्यात किती वेळा गेलात?

गेली सहा वर्षे आम्ही कळव्यात भाड्याने राहत आहोत. आता स्वतःचे घर घ्यायचे ठरले असून ठाणे की नवी मुंबई, यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही. नऊ वर्षांच्या मुलाला सायकल चालवता यावी, आईला गुडघे सांभाळून फिरता यावे आणि आम्हा दोघांना अधूनमधून डोंगराची वाट धरता यावी, एवढी अट मात्र सर्वांना मान्य आहे. विक्री कार्यालयांत भिंतीभर हिरवा डोंगर आणि निळे पाणी रंगवलेले असते, त्यामुळे तेथे विचारण्यात अर्थ नाही. जे प्रत्यक्ष राहतात त्यांनी या धाग्यावर आपल्या वस्तीचा अनुभव लिहावा, आणि आरंभी एका प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावे : गेल्या महिन्यात आपण त्या डोंगरावर किंवा तळ्याकाठी खरोखर किती वेळा गेलात? बिल्डरचे नाव आणि चौरस फुटाचा दर येथे नको.

घोडबंदर रस्ता, मानपाड्याच्या पुढे

दोन वेळा.

आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या गॅलरीतून येऊरचे डोंगर इतके जवळ दिसतात, की पावसाळ्यात ढग खाली उतरू लागले म्हणजे एकेका झाडाचा शेंडा त्यात बुडताना पाहता येतो; याच दृश्यापायी आम्ही घर घेतले. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि राष्ट्रीय उद्यानात हवे तेथून शिरता येत नाही, ही साधी गोष्ट ताबा मिळाल्यानंतर ध्यानात आली. सोसायटीच्या भिंतीपलीकडे जंगल सुरू होते, परंतु येऊरच्या रस्त्याला लागायचे तर गाडी काढून पोखरण रस्त्याने उपवनपर्यंत जावे लागते. जाऊन परत येईपर्यंत कार्यालयाची वेळ होते. बिबट्या दिसल्याचा निरोप आला की संध्याकाळी मुलांना खाली सोडत नाहीत. त्याबद्दल तक्रार नाही, कारण त्याच्या शेजारी आम्ही येऊन राहिलो आहोत. दृश्य आणि वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे घर पाहताना कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

उपवन तलावाजवळ, ठाणे

चोवीस वेळा, आणि राहिलेल्या दिवसांत मी गावाला गेलो होतो.

आमची इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही, नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येते. तरीही गेल्या अकरा वर्षांत येथून हलण्याचा विचार मनात आला नाही. पहाटे साडेपाचला चपला घालून निघालो की पाच मिनिटांत तलावाच्या काठावर असतो, आणि अंगात उत्साह असेल त्या दिवशी तेथूनच येऊरचा चढ धरतो. वर आदिवासी पाडे आहेत, दाट झाडी आहे, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर त्या रस्त्यावर मातीचा जो वास सुटतो त्यासाठी कोठलेही भाडे मी आनंदाने दिले असते. मात्र वेळ पाळावी लागते. चढावर वनखात्याची चौकी आहे आणि रात्री वर जाण्यावर निर्बंध असतात. शनिवारी रात्री वरच्या बंगल्यांकडे जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे संगीत, रविवारी सकाळी नऊनंतर तलावाभोवतीची गर्दी, हे गृहीत धरूनच घर घ्यावे. माकडे स्वयंपाकघरात येतात; आमच्याकडे एकदा गूळपोळ्यांचा अख्खा डबा गेला.

धागाकर्त्यांना एक सूचना करतो. घर पाहायला रविवारी दुपारी येऊ नका. मंगळवारी पहाटे या, गाडी घरीच ठेवा आणि इमारतीच्या दारापासून पाण्यापर्यंत चालत जाऊन पाहा.

नेरूळ, पाम बीच रस्त्यालगत

सव्वीस वेळा. माझे वय एकाहत्तर आहे आणि दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, म्हणून आपल्या मातोश्रींच्या दृष्टीने लिहिते.

आम्ही ज्याला ज्वेल ऑफ नवी मुंबई म्हणतो, तो मुळात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचा धारण तलाव आहे : भरतीच्या वेळी पावसाचे पाणी येथे साठवायचे आणि ओहोटीला खाडीत सोडायचे, ही त्यामागची योजना. त्याच्या काठाने आखलेली वाट सपाट असल्याने काठी टेकत जाणाऱ्यालाही दम लागत नाही, आणि बसायला बाके आहेत. डोंगर मला आता नकोच. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत परिसरातील पाणथळींवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात आणि भरती आली की आतल्या तळ्यांकडे येतात, म्हणून त्यांना पाहायचे तर भरतीची वेळ माहीत हवी. कॅलेंडरवरच्या तिथीची पाऊणपट केली की तासाभराच्या फरकाने ती वेळ मिळते, ही युक्ती मला करावे गावातल्या एका कोळी बाईंनी शिकवली. खाडीच्या ठाण्याकडील भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. नातवंडे आली की ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून होणाऱ्या बोटीच्या फेरीला आम्ही जातो.

मुलाच्या सायकलीविषयी मात्र सावध करते. पाम बीच रस्ता रुंद आणि देखणा असला तरी त्यावर गाड्या फार वेगाने धावतात. सेक्टरांतले आतले रस्ते त्याला पुरेत.

खारघर

डोंगरावर पाच वेळा, सेंट्रल पार्कमध्ये बारा.

खारघर म्हटले की लोक पांडवकडा डोळ्यांपुढे आणतात. ऐन पावसाळ्यात, म्हणजे तो धबधबा पाहण्याजोगा असतो तेव्हाच, तेथे जाण्यास बंदी असते, कारण पाण्याचा लोंढा अचानक येऊन माणसे दगावलेली आहेत. बंदी योग्यच आहे. फक्त केवळ धबधब्याच्या भरवशावर येथे घर घेऊ नये. फणसवाडी-चाफेवाडीकडे चढणारा रस्ता मात्र उत्तम आहे आणि वरून खाडीपर्यंतचे शहर दिसते. सेक्टर नीट पाहून घ्यावा : स्टेशनाजवळ राहिलात तर डोंगर दूर पडतो आणि डोंगराजवळ राहिलात तर स्टेशनासाठी रिक्षा आली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाल्यापासून हा त्रास काहीसा कमी झाला आहे.

घणसोली

एकदा. गवळी देवाचा डोंगर सुंदर आहे, पण वस्ती रुळांच्या एका बाजूला आणि डोंगर दुसऱ्या बाजूला. मध्ये ठाणे-बेलापूर रस्ता आणि औद्योगिक वसाहत ओलांडावी लागते. लहान मुलासह ते चालत जमत नाही.

नौपाडा, ठाणे

येथील सर्वांपेक्षा माझे मत वेगळे आहे. घराजवळ कचराळी तलावाची फेरी सोडल्यास हिरवे असे काही नाही, तरीही गेल्या महिन्यात चारही रविवारी मी डोंगरात होतो. ठाणे स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे आणि तेथून कर्जत व कसारा अशा दोन्ही दिशांच्या लोकल मिळतात : आसनगावला उतरून माहुली, नेरळहून पेब, बदलापूरच्या बाजूने चंदेरी. मध्यंतरी आम्ही दोन वर्षे खारघरला राहिलो. तेथून कर्नाळा आणि प्रबळगड जवळ पडले, पण बाकी प्रत्येक ट्रेकसाठी आधी ठाणे गाठावे लागे, आणि पहिली गाडी चुकली की चढाला ऊन लागलेच. रोज अर्धा तास फिरायचे आहे की आठवड्याला एक अख्खा दिवस घालवायचा आहे, ते आधी घरात ठरवा.

धागाकर्ता, कळवा

सर्वांचे आभार. काल रात्री हे सारे अनुभव घरात मोठ्याने वाचून दाखवले. घोडबंदरचे ज्या घराचे टोकन द्यायचे होते ते तूर्त थांबवले आहे, कारण त्याचीही गॅलरी डोंगराकडे आणि दार महामार्गाकडे आहे. आईने नेरूळ म्हटले, पत्नीने उपवन. येत्या मंगळवारी रजा घेऊन पहिल्या लोकलने ठाण्यात उतरतो आणि उपवनला जातो. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन नेरूळ. नेरूळच्या ताईंना एक विचारायचे राहिले : पावसाळ्यात त्या वाटेवर शेवाळ धरते का?

नेरूळ, पाम बीच रस्त्यालगत

धरते, विशेषतः झाडांच्या सावलीत. जुलैत मी मधला कोरडा पट्टा धरून चालते आणि रबरी तळव्यांची चप्पल घालते. मातोश्रींना सकाळी सातला घेऊन या, मी तेथेच असते.