[मंडळ] लॅपटॉप हँग होतोय, दिवाळी अंक अडकलाय

ताई, राजारामपुरी, कोल्हापूर
सोमवार, रात्री ११.१०

मंडळी,

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. ती आता वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत येते, माझ्या आमटीला नावं ठेवते आणि परत जाते, म्हणजे प्रकृती उत्तम. बिघडलाय तो लॅपटॉप. अंकाची ९६ पानं त्याच्यावर आहेत, नाहीतर घरचं गाऱ्हाणं मंडळाच्या मेल-यादीवर आणलं नसतं.

होतं असं की मी प्रुफं वाचत बसलेली असते आणि सगळं आहे तिथं थांबतं. माउसचा बाण फिरतो, पण क्लिक करून काही उघडत नाही. खालच्या पट्टीतलं घड्याळसुद्धा थांबतं. कधी मिनिटभराने आपोआप सुटतो, बहुतेक वेळा पॉवरचं बटण दाबून धरून बंदच करावा लागतो. दिवसातून दोनदा, कधी चारदा, कधी अख्खा दिवस एकदाही नाही. निळा पडदा नाही, एरर नाही. विंडोज ११ आहे, लॅपटॉप चार वर्षांचा. अमेरिकेहून निघायच्या आठवडाभर आधी त्यात नवीन एसएसडी (फायली साठवायची डिस्क) टाकून घेतली होती. तिकडे टेबलावर डॉकला (चार्जिंगसकट सगळ्या वायरी एकत्र जोडणारा ठोकळा) लावलेला असायचा, तेव्हा एकदाही हँग झाला नाही.

घरात निदानं भरपूर झाली. दादा म्हणतो, "११० व्होल्टवर वाढलेला माल, इथलं २३० त्याला सोसत नाही." वर पुरावा म्हणून सांगतो की चार्जर लावल्यावर कडेच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात. त्या येतात, हे खरं आहे. भाचा म्हणतो विंडोज पुसून नवीन टाक. एका दुकानात दाखवला. त्याने पाच मिनिटं बघितलं, "चालतोय की वो" म्हणाला आणि लगेच मदरबोर्ड बदलायचा खर्च सांगितला. खर्च ऐकून मी लॅपटॉप उचलून घरी आलो. (कोल्हापुरात उतरलं की माझं 'आले-गेले' सुटतं. पुणेकरांनी माफ करावं.)

काय करू?


अण्णा, एडिसन
सोमवार, दुपारी ३.०० (न्यू जर्सीची वेळ)

चि. ताई,

दादाला चार्जरच्या ठोकळ्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचायला सांग. 'इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०–६० हर्ट्झ' असं छापलेलं असेल तर विषय संपला. भिंतीतून ११० येवो नाहीतर २३०, ठोकळा लॅपटॉपला जेवढं डीसी द्यायचं तेवढंच देतो. अजून काही लोक लॅपटॉपसाठी ट्रान्सफॉर्मर बॅगेत घालून नेतात. तो तिकडच्या मिक्सरला लागेल, लॅपटॉपला नाही.

झिणझिण्यांचं कारण वेगळं. तू दोन पायांचा ट्रॅव्हल अडॅप्टर लावला असणार. तिसरा पाय अर्थिंगचा. तो तुटला की चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून झिरपणारा बारीकसा प्रवाह लॅपटॉपच्या धातूवर येऊन बसतो. त्याने सहसा इजा होत नाही, पण टचपॅड मात्र वेड्यासारखा उड्या मारू शकतो. त्याच ठोकळ्याला बसणारी तीन पिनांची भारतीय वायर कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळेल, ती घे. आणि प्लगमागे अर्थिंगची तार खरोखर आहे का, ते वायरमनकडून बघून घे. जुन्या घरात वरचं मोठं भोक असतं, मागे तार नसते.

पण हँग यामुळे होत असेल असं मला वाटत नाही. आणि मला काय वाटतं याला किंमतही नाही. सगळा जन्म कारखान्यांची पॅनेलं दुरुस्त करण्यात गेला. अधूनमधून येणारा फॉल्ट अंदाजाने सापडलेला मी एकदाही पाहिला नाही. एक वही कर. प्रत्येक वेळी लिही: किती वाजता, काय करत होतीस, चार्जर लावला होता का, पंख्याचा आवाज येत होता का. अडकल्यावर कॅप्स लॉक दाबून बघ, दिवा लागतो-विझतो का. लागत असेल तर आतला गाभा जिवंत आहे, तो कशाची तरी वाट बघतोय. लागत नसेल तर गाडी पूर्ण बंद पडली, मग रॅम (कामापुरती मेमरी), उष्णता, बोर्ड यांच्याकडे बघायचं.

नऊ-दहा नोंदी होईपर्यंत कशालाही हात लावू नकोस. वायर तेवढी बदल.


बंड्या, जर्सी सिटी
सोमवार, दुपारी ३.४०

ताई, एवढं काय टेन्शन घेताय! अण्णांची वही भरेपर्यंत दिवाळी होऊन जाईल. आज रात्रीच उरकून टाका.

हँग झाला की विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबायचं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, स्क्रीन एकदा लुकलुकते. त्याने सुटला तर चोर ग्राफिक्समध्ये. रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबराने पुसायची, दुकानातली पोरं पहिलं हेच करतात (आधी बॅटरीची केबल काढायला विसरू नका). मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून रात्रभर लावायचा, एक जरी एरर आली तरी रॅम गेली समजायचं. पंख्यातली धूळ उडवायची. बायॉस (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) अपडेट. तेवढ्यानं नाही झालं तर विंडोज नवीन. विषय कट!


अण्णा, एडिसन
सोमवार, दुपारी ३.५५

एका रात्रीत सहा गोष्टी केल्या आणि बरा झाला, तर कशाने बरा झाला?


वहिनी, पार्सिपनी
सोमवार, संध्याकाळी ६.२०

त्याआधी मला कोणीतरी सांगा, अंकाची फाईल दुसरीकडे ठेवली आहे का? बटण दाबून बंद करताना ती उघडी असेल आणि बिघडली, तर मी कवितांचं पान तिसऱ्यांदा लावणार नाही. आजच्या आज कॉपी कर, मग रॅम पूस नाहीतर पाटावर बसवून पूजा कर.

आणि येताना एक किलो कांदा-लसूण चटणी. पैसे आधी पाठवते.


खजिनदार
मंगळवार, सकाळी ८.१५

माझाही लॅपटॉप अडकतो, पण एक-दोन सेकंदच, आवाजासकट. सगळं तुटक तुटक होतं. हाच रोग का? शिवाय वर्गणी अजून २३ जणांची यायची आहे, विषय निघालाच आहे म्हणून.


बंड्या, जर्सी सिटी
मंगळवार, सकाळी ८.३०

तुमचा प्रोसेसर एएमडी कंपनीचा आहे ना? मग हा दुसराच रोग. प्रोसेसरमधल्या टीपीएममुळे (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) काही मशीन मध्येच क्षणभर अडखळतात, हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केलंय. उपाय बायॉस अपडेट. ताईंच्या धाग्यात नको, वेगळी मेल टाका. वर्गणी भरतो.


ताई, राजारामपुरी
शनिवार, रात्री ९.४५

फाईलच्या दोन प्रती झाल्या, एक ढगात आणि एक दादाच्या कॉम्प्युटरवर. नवीन वायर आणली, झिणझिण्या गेल्या, हँग तसाच. बंड्याचं मन राखायला मेमटेस्टही लावलं. रात्रभर चाललं, एकही चूक नाही. डिस्क तपासायचा प्रोग्रॅम टाकला, एसएसडी 'गुड', तापमान ४४. वहीत नऊ नोंदी झाल्या. सगळ्या टंकत नाही, मासल्याला चार:

मंगळवार ३.२०, लेख वाचत होते, लाईट गेलेली, पंखा शांत.
बुधवार ११.०५, फोनवर बोलत होते, लॅपटॉप नुसता उघडा, लाईट गेलेली.
बुधवार १२.१०, प्रुफं, लाईट अजून आलेली नाही.
शुक्रवार ७.४०, आईला औषध द्यायला उठले, परत आले तर थांबलेला. लाईट गेलेली.

नऊच्या नऊ वेळा लाईट नव्हती. पाऊस धो-धो चाललाय, दिवसातून दोन-तीनदा जातेच. इन्व्हर्टरवर आमच्याकडे फक्त पंखे आणि दिवे, प्लग नाहीत. कॅप्स लॉकचा दिवा प्रत्येक वेळी लागत होता.

हे दादाने वाचलं आणि घर डोक्यावर घेतलं. वर मी विंडोजची नोंदवही उघडली, तर त्यात लाल खुणेने 'कर्नल-पॉवर, ४१' असं पुन्हा पुन्हा लिहिलेलं. "बघ, कॉम्प्युटरच म्हणतोय पॉवर!" आता तो स्टॅबिलायझर आणायला निघालाय. थांबवू का?


बंड्या, जर्सी सिटी
शनिवार, दुपारी १२.५०

थांबवा! अण्णा, वहीबद्दल शब्द मागे घेतो.

आधी ४१ चं बघू. त्याचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ताईंनीच बटण दाबून बंद केलं, त्याची ती पावती. कारण त्यात नसतं. नाव वाचून पॉवर सप्लाय बदलणारे मी इकडेही बघितलेत.

आता वही. लाईट गेली की व्होल्टेज खालीवर होतं, हे दादांचं म्हणणं. पण लाईट गेल्यावर लॅपटॉपला व्होल्टेजचा त्रास देणार कोण? तो बॅटरीवर असतो, भिंतीशी संबंधच उरत नाही. उष्णता असती तर व्हिडिओ कॉलवर, पंखा घोंघावत असताना अडकला असता. हा अडकतो वाचताना, फोनवर बोलताना, तुम्ही उठून गेल्यावर. काम नसताना. बॅटरीवर आणि निवांत, या दोन गोष्टी एकत्र आल्या की विंडोज पैसे वाचवायला लागतं, म्हणजे वीज. एसएसडीकडे जाणारी पीसीआय एक्स्प्रेसची वाट ते झोपवून ठेवतं. नेहमीच्या 'बॅलन्स्ड' योजनेत चार्जरवर ही बचत मध्यम असते आणि बॅटरीवर जास्तीत जास्त. काही एसएसडी त्या झोपेतून नीट उठत नाहीत. तिकडे लॅपटॉप कायम डॉकवर, म्हणून नवीन एसएसडीची ही खोड कळलीच नाही.

डिस्क 'गुड' दाखवते त्याचं सांगतो. पंचगंगेचं पाणी आपण राजाराम बंधाऱ्यावर मोजतो, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. पूर आला की पलीकडचं गाव धडधाकट असतं, माणसं घरात असतात, फक्त रस्ता पाण्याखाली. तुमची डिस्क म्हणजे ते गाव. ती स्वतःबद्दल खरं सांगतेय, रस्त्याबद्दल तिला कोण विचारणार?

आता दोन कामं. इव्हेंट व्ह्यूअर (तुम्ही उघडलीत तीच नोंदवही), विंडोज लॉग्ज, सिस्टिम इथे जाऊन 'स्टॉर-एनव्हीएमई' नावाची १२९ नंबरची नोंद शोधा. डिस्क उत्तर देईना म्हणून तिला हलवून उठवलं, असा तिचा अर्थ. प्रत्येक वेळी सापडणार नाही, कारण नोंद लिहायची त्याच डिस्कवर, आणि तीच गायब असते. आपोआप सुटला होता त्या वेळांना सापडेल.

दुसरं, उद्या लाईट असताना मुद्दाम चार्जर काढा, लेख उघडा आणि हात मांडीवर ठेवून बसा. अडकला तर लाईट निर्दोष.


अण्णा, एडिसन
शनिवार, दुपारी १.३०

हा प्रयोग झकास. पोरगा कामाचा आहे.


ताई, राजारामपुरी
बुधवार, रात्री १०.२०

रविवारी सकाळी लाईट होती, दादाला शेजारी खुर्ची दिली, चार्जर काढला. संपादकीय वाचत बसले (माझंच, म्हणून लांब वाटलं). सतराव्या मिनिटाला घड्याळ थांबलं. दादा दोन मिनिटं काही बोलला नाही, मग चहा टाकायला गेला. १२९ च्या नोंदी पाच निघाल्या. पाचही वहीत 'आपोआप सुटला' लिहिलेल्या वेळांना.

मग बंड्याने फोनवर सांगितलं ते केलं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, त्यात योजनेची प्रगत सेटिंग्ज, पीसीआय एक्स्प्रेस, लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट. 'ऑन बॅटरी'समोर 'ऑफ'. (काही नव्या मशीनवर हा पर्याय दिसतच नाही म्हणे. माझ्याकडे होता.) बॅटरी आधीपेक्षा किंचित लवकर उतरते, ते चालेल. त्यानंतर लाईट सात वेळा गेली, त्यातली एकदा सलग अडीच तास. लॅपटॉप एकदाही अडकला नाही. एसएसडीच्या कंपनीच्या साइटवर तिचं नवीन फर्मवेअर (डिस्कच्या आतला प्रोग्रॅम) आलेलं दिसतंय, पण अंक हातावेगळा होईपर्यंत मी ते घालणार नाही.

मदरबोर्ड आहे तोच आहे. स्टॅबिलायझर दादाने आणलाच. फ्रीजला लावलाय.


अण्णा, एडिसन
बुधवार, दुपारी १.१५

चि. ताई, उत्तम. पण सिद्ध अजून झालेलं नाही. ते सेटिंग पुन्हा पहिल्यासारखं कर, हँग परत येतो का बघ. परत आला आणि बंद केल्यावर पुन्हा गेला, तरच कारण पक्कं. पावसाळी दिवस आहेत, सात वेळा म्हणजे काही फार नव्हे.


ताई, राजारामपुरी
बुधवार, रात्री ११.००

अण्णा, अंक छपाईला गेला की दुसऱ्या दिवशी करते, वहीत रकाना आखून ठेवलाय. फर्मवेअर त्याच्यानंतर, एका वेळी एक.

४१ ते ४४ ही पानं अजून कोरी आहेत. तुमचा लेख कधी येतोय?