जुना ट्रक, कूलंट कमी होतंय पण खाली थेंब नाही, रेडिएटरच गेला का?

डिझेलदादा:
मंडळी, ट्रक बराच जुना आहे, रेडिएटर बहुतेक गाडीसोबत आलेला तोच, अल्युमिनियमची जाळी आणि दोन बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या. कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) हळूहळू कमी होतं, अधूनमधून टॉपअप करावंच लागतं पण उभ्या गाडीखाली डाग म्हणून नाही. टेंपरेचरचा काटा एकदम जागेवर. फक्त लांबून चालवून आलं की बॉनेटजवळ गोडसर वास येतो. मेकॅनिक म्हणतो सरळ रेडिएटर बदला. मला आधी कळायला हवं गळतंय कुठून, सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी:
थेंब नाही म्हणजे गळत नाही असं नसतं हो. तापलेल्या रेडिएटरवर बारीक पाझर असेल तर पाणी जागच्या जागी उडून जातं, मागे नुसता खार राहतो. गाडी गार असताना टॉर्च घ्या आणि प्लॅस्टिकची टाकी जिथे पत्र्याच्या दातांनी दाबून बसवलेली असते ती अख्खी कड बघा, खालचे कोपरे तर नक्कीच. पांढरट किंवा कूलंटच्याच रंगाची पापडी धरलेली दिसली की समजा तिथेच. आत रबरी सील असते, तापून निवून ती कडक होते. होजपाइपच्या क्लिपाही बघा, काही सांधे फक्त गार असतानाच पाझरतात, इंजिन तापलं की फुगून बंद.

स्पॅनर_१३:
बघून भागलं नाही तर प्रेशर टेस्टर लावा, उगाच अंदाजाने पार्ट बदलत बसू नका. रेडिएटरच्या कॅपवर (झाकणावर) दाबाचा आकडा असतो, बऱ्याचदा ०.९ किंवा १.१ बार, गार इंजिनवर हातपंपाने तेवढाच दाब द्यायचा (जास्त दिलात तर धडधाकट टाकीही फुटू शकते) आणि १०-१५ मिनिटं टेस्टरचा काटा बघायचा. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर संशय आत, म्हणजे केबिनचा हीटर (काचेवर चिकट वाफ, पायाशी ओल) नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील). वॉटर पंपाच्या खाली एक छोटं भोक असतं, तिथून ओघळ असेल तर पंपाची सील गेली, मग रेडिएटर बदलून काय उपयोग? कॅपही वेगळी तपासा, तिचं रबर गेलं की कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं आणि शिव्या खातो रेडिएटर. आणि गरम असताना कॅपला हात लावायचा नाही, अजिबात.

डिझेलदादा:
टेस्टर लावला. काटा अगदी सावकाश उतरला, बाहेर काहीच दिसेना, मग आरसा खाली धरला तर डाव्या टाकीच्या खालच्या कोपऱ्यात दोन दातांच्या मधून थेंब फुगतोय, मोठा होतो, पत्र्यावरून घसरतो, परत नवीन. कॅप, पंप, होज सगळं कोरडं. लीक बंद करायची पावडर टाकून चालेल का?

रात्रपाळी:
पावडर नकोच. ती भोक बघून जात नाही, हीटरच्या बारीक नळ्यासुद्धा तुंबवते. बाहेरून एपॉक्सी गोंद फासलात तरी प्लॅस्टिक तापून हलतं, पकड सुटते. दात उघडून सील बदलणारे कारागीर असतात, पण इतक्या जुन्या पत्र्याचे दात वाकवताना तुटतात, आणि प्लॅस्टिकला चीर असेल तर सील बदलूनही उपयोग नाही.

स्पॅनर_१३:
नवीन रेडिएटर बसवलात तर कॅपही नवीच घ्या. भरताना हीटर फुल गरमवर ठेवा म्हणजे हवा अडकणार नाही, आणि पहिल्या एकदोन फेऱ्यांनंतर गार झाल्यावर लेव्हल बघा, थोडी उतरतेच.