ओठ हलत नाहीत, तरी उपासनेला जाऊ का?

शेवंती, पुणे

सर्वांना सलाम. मी मूळची संगमनेरची, लग्नानंतर पुण्यात. आठ वर्षं वाट पाहिली आणि गेल्या मार्चमध्ये ३४व्या आठवड्यात बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. पेटी एवढीशी होती की ह्यांनी ती मांडीवर घेतली आणि रिक्षाने दफनभूमीत नेली. मी तेव्हा दवाखान्यातच होते.

दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला जाते, पण शेवटच्या बाकावर बसते. गीत सुरू झालं की ओठ हलत नाहीत. घरी प्रार्थनेला बसले की "हे प्रभू" म्हणते आणि पुढे काहीच येत नाही. मंडळीतल्या बायकांनी महिनाभर डबे दिले, ते उपकार विसरणार नाही. पण प्रत्येकीने मला बायबलमधल्या हन्नाची गोष्ट सांगितली, मूल होत नाही म्हणून शिलोच्या मंदिरात रडत प्रार्थना करणारी ती. हन्नाला मुलगा मिळाला, शमुवेल. मी अजून शिलोच्या दाराशीच बसले आहे. "देवाची वेळ अजून आली नसेल," असंही म्हणतात. मग ते ३४ आठवडे कुणाची वेळ होती?

सासूबाईंना वाटतं, इतकं रडणं म्हणजे अविश्वास. आता आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे आठवडे, येतोय, महिनाभर गोठ्यातल्या बाळाची गाणी चालणार. मला विश्वास सोडायचा नाही. पण अशा दिवसांत तो धरून कसा ठेवायचा? कुणी यातून गेलंय का?

निवृत्त सिस्टर, जालना

बाळा, माझा मुलगा १४ वर्षांपूर्वी भांडून घरातून गेला. अजून पत्ता नाही. घरातला जुना फोन मी बंद करू दिला नाही, कारण त्याला तोच नंबर पाठ आहे. त्यामुळे वाट पाहणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

पहिली तीन वर्षं मलाही प्रार्थना जमली नाही. मग एका रात्री बायबलमधलं ८८वं स्तोत्र मोठ्याने वाचलं. बाकीच्या बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजेड येतो, ह्यात येत नाही. ते अंधारावरच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि सुरुवातीलाच ते रचणारा माणूस देवाला आपला तारणारा म्हणतो. त्या रात्री मला कळलं की असं बोललेलं देवाला चालतं. आपल्याला शब्द सुचत नसतील तर त्या माणसाचे घ्यावेत. मी अजूनही घेते.

रडण्याचं म्हणशील तर प्रभू येशू स्वतः लाजराच्या कबरेकडे जाताना रडला, आणि तो मेलेल्या लाजराला जिवंत उठवणार होता तरी रडला. लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघी त्याला एकच वाक्य बोलल्या: तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्याने दोघींनाही अविश्वासू म्हटलं नाही.

हन्नाबद्दल एकच सांगते. तिचे नुसते ओठ हलताना पाहून एलीला वाटलं, बाई प्यायली आहे. याजकालासुद्धा दुःखी बाईची प्रार्थना ओळखता आली नाही. तुझ्या सासूबाईंना नाही आली, तर त्यांच्यावर रागावू नकोस.

आणि एक विचारू? मुलीचं नाव ठेवलंत का? आमच्या काळी असं बाळ आईला दाखवत नसत, कापडात गुंडाळून बाहेर नेत. नर्स म्हणून मीही नेलंय. ते मला आजही टोचतं.

वसईहून

आम्ही कॅथलिक, म्हणून आमच्याकडचं सांगतो. आगमनकाळात फादर जांभळी वस्त्रं घालतात आणि रविवारच्या मिस्सात ग्लोरिया म्हणत नाहीत. देवदूतांचं ते गीत नाताळच्या रात्री परत येतं. म्हणजे तेवढे रविवार सगळी ख्रिस्तसभाच ते गीत गात नाही. ताई, तुम्ही शेवटच्या बाकावर गप्प बसता, त्यात चुकीचं काही नाही. बायको गेली त्या वर्षी मीही तसाच बसायचो. शेजारचे गायचे, मी ऐकायचो. तेवढं पुरलं.

दौंडकर

आमचं गाव केडगावजवळ, जिथे पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन चालवलं. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. जिच्या हाती पुढचं काम सोपवायचं तीच मुलगी, मनोरमा, जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. अशी माणसं होऊन गेली, हे आठवून धीर धरा.

निवृत्त सिस्टर, जालना

दौंडकर भाऊ, रमाबाईंबद्दल मलाही फार आदर आहे. पण हिच्यासमोर आत्ता खंबीर बाई उभी करू नका. ती स्वतःला त्यांच्याशी तोलत बसेल.

शेवंती, पुणे

सिस्टर, काल रात्री ८८वं स्तोत्र वाचलं. मधेच आवाज बसला, उरलेलं ह्यांनी वाचलं. मार्चनंतर आम्ही पहिल्यांदाच एकत्र प्रार्थनेला बसलो.

मग ह्यांना नावाचं विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "रिक्षात मी तिला रूथ म्हणत होतो." एवढे महिने मला सांगितलं नव्हतं.

रविवारी पाळकसाहेबांना सांगणार आहे, मंडळीच्या प्रार्थनेत तिचं नाव घ्या म्हणून.