देशपातळीवरचा ॲक्वेरियम क्लब काढायचाय, सुरुवात कुठून करू?

निळा_टँक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं टाकतो. मासे पाळणारे आपण एवढे लोक आहोत पण जो तो आपल्या टँकपुढे एकटाच. व्हॉट्सॲपचे ग्रुप ढिगाने आहेत, पण तिथे काय चालतं ते सगळ्यांना माहितीये, सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी 'मासा तळाशी बसलाय अर्जंट सांगा' आणि रात्री ॲडमिन लोकांची भांडणं. मागे एकाने डिस्कसच्या पिल्लांबद्दल इतकं भारी लिहिलं होतं, पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट थर कसा खातात, त्यांना कधी वेगळं करायचं वगैरे, आता शोधायला गेलं तर काही सापडत नाही, खाली वाहून गेलं सगळं.

तर माझ्या डोक्यात असं आहे की अख्ख्या देशाचा एकच क्लब असावा. गोड्या पाण्यातले, खाऱ्या पाण्यातले, प्लांटेड टँकवाले, कोळंबीवाले, सगळे एका छत्राखाली. वेबसाइट, मेंबरशिप कार्ड, तीन महिन्यांनी एक अंक, वर्षातून एक मोठं प्रदर्शन. लोगो मित्र करतोय, एंजल फिश आहे, मस्त झालाय. आता प्रश्न असे की संस्थेची नोंदणी आधी करू का मेंबर आधी जमवू? वर्गणी ठेवावी का? आणि दुकानदार, विकणारे ब्रीडर यांना घ्यावं का बाहेर ठेवावं? कोणी असला उद्योग केला असेल तर सांगा.

जुनं_पीट

भावा उत्साह चांगला आहे पण लोगो बाजूला ठेव, आधी एक गोष्ट ठरव. या क्लबमध्ये एका मेंबरकडून दुसऱ्याकडे जाणार काय? माहिती म्हणशील तर ती फुकट मिळतेच, त्यासाठी कार्ड कोण घेणार. जे क्लब देशपातळीवर टिकलेत ते बघ, बहुतेक एकाच गटाच्या माशांचे आहेत. अमेरिकेतली किलीफिशवाल्यांची (किली म्हणजे अंडी घालणारे छोटे रंगीत मासे) संघटना १९६० च्या दशकापासून चालू आहे, तिथलीच सिक्लिडवाल्यांची (एंजल, डिस्कस, ऑस्कर ज्या गटात येतात तो) १९६७ ची, जर्मनीत किलीवाल्यांची १९६९ ची. 'सगळे मासे, सगळे लोक' असे क्लब पण भरपूर आहेत पण ते बहुतेक शहरापुरते असतात, कारण तिथे महिन्याला एकत्र बसता येतं, पिशव्या हातात नेता येतात.

किलीचंच का जमलं ते सांगतो, मी स्वतः किलीवाला आहे त्यामुळे थोडं लांबेल. नोथोब्रँकियस नावाचे आफ्रिकेतले किली पावसाळी डबक्यात राहतात, डबकं आटलं की मासे मरतात, अंडी मात्र चिखलात जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. आपण काय करतो, टँकमध्ये पीटचा (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा भुसा) डबा ठेवतो, मासे त्यात अंडी घालतात, मग ते पीट गाळून, पिळून, तंबाखूइतपत ओलसर ठेवून पिशवीत भरायचं आणि वर जात, तारीख लिहायची. जातीप्रमाणे काही आठवडे ते काही महिने ती पिशवी नुसती कपाटात पडून राहते. म्हणजे हा मासा पाकिटातून पाठवता येतो! ना ऑक्सिजन, ना पाणी, ना पार्सल फुटायची भीती. समोरच्याने ठरल्या तारखेला त्यावर गार पाणी ओतलं की पिल्लं बाहेर. अशी वस्तू हातात असली की देशाच्या दोन टोकांच्या माणसांना एकमेकांची गरज पडते आणि क्लब आपोआप चालतो. ऑस्करसारखे मोठे मासे पाळणाऱ्यांनी एकमेकांना काय पाठवायचं सांग?

दुसरं, लेबल. आमच्याकडे नुसतं नाव चालत नाही. 'रॅकोव्ही बेइरा ९८' असं लिहिलेलं असतं, रॅकोव्ही ही नोथोब्रँकियसची एक जात, म्हणजे हा मासा मोझांबिकमधल्या बेइराच्या आसपास १९९८ साली पकडलेल्या माशांचा वंश. दुसऱ्या जागचा रॅकोव्ही दिसायला तसाच असला तरी त्याच्याशी जोडी लावायची नाही, लावली की ते लेबल कायमचं मेलं. हे सांभाळायला कोणीतरी यादी ठेवावी लागते, कोणाकडे काय आहे, किती जोड्या आहेत. ती यादी म्हणजेच क्लब असं माझं मत आहे, बाकी सगळी सजावट.

तर तू एक गट निवड. नोंदणी, घटना, वर्गणी सगळं नंतर.

खजिनदार_नको_रे_बाबा

अध्यक्ष कोण ते ठरलं का? कारण माझ्या पाहण्यातल्या एका क्लबात पहिल्या मीटिंगला अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, सल्लागार एवढे नेमले गेले आणि शेवटी लक्षात आलं की साधा मेंबर एकही उरला नाही. 😄 दुसऱ्या मीटिंगला चहावाल्याशिवाय कोणी नव्हतं.

गंमत सोड, पण वर्गणी घेणार असशील तर पहिल्या रुपयापासून हिशोब सगळ्यांना दिसेल असा ठेव. मासे मेले तर लोक विसरतात, हिशोबाचं कोणी विसरत नाही.

शेवाळवाली

पीटदादांचं निम्मं पटलं निम्मं नाही. एकाच गटाचा क्लब काढला तर तो पंचवीस-तीस वेड्या लोकांचा राहतो (किलीवाल्यांना मी वेडं प्रेमाने म्हणतेय) आणि नवीन माणूस दारातच घाबरतो. ज्याची गप्पी पहिल्यांदा व्यायलीये त्याने कुठे जायचं? ज्याला अजून टँकमधल्या घाणीचं अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट हे चक्र कळलेलं नाही, जो आज टँक आणून आजच मासे सोडतोय, खरं तर क्लबची गरज त्याला जास्त आहे.

जर्मनीत दुसरा प्रकार आहे बघा, तिथे १९११ पासून ॲक्वेरियम-टेरेरियम क्लबांचा महासंघ आहे. म्हणजे गावोगावचे क्लब आपापले चालतात आणि वरचा महासंघ त्यांना जोडतो. हे मला जास्त पटतं. आधी तीन-चार ठिकाणी छोटे गट जमू देत, भेटू देत, मग वर छत्र. आधी छत्र उघडून खाली माणसं शोधत फिरायचं म्हणजे बाजारात तुरी.

यादीचं मात्र शंभर टक्के खरं आहे, त्यावर एक उदाहरण देते. टकीला स्प्लिटफिन म्हणून मेक्सिकोतला छोटासा मासा आहे, नराच्या शेपटीला नारिंगी चंद्रकोर असते. टेउचिटलान गावाजवळच्या झऱ्यांमध्येच तो राहायचा आणि तिथून संपल्यात जमा झाला. पण युरोपातल्या हौशी लोकांच्या टँकमध्ये तो पिढ्यान् पिढ्या चालू होता. त्यांच्याकडचे मासे इंग्लंडच्या चेस्टर झूमार्फत मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या विद्यापीठात पोचले, तिथे वाढवले, आधी मोकळ्या तळ्यात सवय करवली कारण टँकमधल्या माशाला ना शत्रू माहीत ना परजीवी, आणि मग परत झऱ्यात सोडले. आता तिथे त्यांची प्रजा वाढतेय. आता विचार करा, त्या लोकांपैकी कोणी हा मासा दुसऱ्या जातीच्या गुडिइडबरोबर (हा मासा ज्या कुळातला ते कूळ) ठेवून मिक्स करून टाकला असता तर परत द्यायला काय उरलं असतं?

अमेरिकेत २००४ पासून केअर्स नावाचा प्रोग्राम आहे, त्यात क्लबचे मेंबर धोक्यात असलेली एखादी जात दत्तक घेतल्यासारखी सांभाळतात आणि नोंद देतात. निळा_टँक, तुमच्या क्लबात असं काही असेल तर मी आज नाव देते. नुसतं प्रदर्शन असेल तर मला इंटरेस्ट नाही, दोन दिवस मासे उजेडात आणि गोंगाटात ठेवून बक्षीस वाटायचं, पुढे आठवडाभर घरी औषधं ओतत बसायचं.

पार्सल_पोचलं_का

पाठवण्याबद्दल मी लिहितो, कारण घोडं तिथेच अडतं आणि क्लब काढणारे लोक त्यावर कधीच बोलत नाहीत. सगळ्यात आधी जिवंत मासा टपालाने किंवा कुरिअरने चालतो का हे लेखी विचारून घ्या, 'बाकीचे पाठवतात की' हे उत्तर नाही.

मग पॅकिंग. पाठवायच्या आधी एक-दोन दिवस माशाला खायला द्यायचं नाही, पोट रिकामं असलं की पिशवीत घाण कमी. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा किंवा ऑक्सिजन, लोक उलटं करतात, गळ्यापर्यंत पाणी भरतात, त्याने काही होत नाही फक्त वजन वाढतं. कॉरिडोरास (तळाशी फिरणारे छोटे काटेरी मासे) असतील तर एका पिशवीत एकच आणि पिशवी दुहेरी, एक तर काटा टोचतो आणि दुसरं म्हणजे घाबरला की तो अंगातून विष सोडतो आणि तेवढ्याशा पाण्यात स्वतःच मरतो.

आणि आता ज्यावरून भांडणं होतात ते. पार्सल पोचलं, मासा जिवंत होता, तासाभरात मेला, घेणारा म्हणतो तू आजारी दिलास, देणारा म्हणतो तू मारलास. बऱ्याचदा दोघांचंही चुकत नसतं, पाण्याचं गणित असतं. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने पीएच खाली जातो. त्याच वेळी अमोनिया पण साठत असतो, पण पीएच कमी असल्याने तो अमोनियम रूपात राहतो, त्याचा त्रास कमी. तुम्ही पिशवी उघडता, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि तेच अमोनियम परत विषारी अमोनिया होतं. त्यात आपले लोक प्रेमाने तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसतात, म्हणजे मासा त्याच घाणीत पण आता जास्त पीएचमध्ये. लांबच्या प्रवासातून आला असेल तर पिशवी बंद ठेवूनच तापमान जुळवा, मग उघडल्यावर मासा जाळीने उचलून लगेच क्वारंटाइन टँकमध्ये (नवीन मासा काही दिवस वेगळा ठेवायचा टँक), पिशवीतलं पाणी टँकमध्ये अजिबात नाही. अर्थात दोन पाण्यांच्या क्षारात फार फरक नको, म्हणून पाठवणाऱ्याने आपल्या पाण्याचं टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) आणि पीएच पिशवीवर लिहायचं.

हे एवढं एका पानावर लिहून प्रत्येक मेंबरला द्या, क्लबची निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

काउंटरच्या_पलीकडे

दुकानदारांना घ्यावं का हा प्रश्न माझ्यासारख्यासाठीच आहे, माझं छोटं दुकान आहे. मला विचाराल तर मेंबर म्हणून घ्या, पदावर घेऊ नका. पदावर आम्ही आलो की प्रदर्शनाला स्टॉल कोणाचा, अंकात जाहिरात कोणाची यावरून राजकारण सुरू होतं, मी आमच्याच जातभाईंना ओळखून आहे. पण पूर्ण बाहेर ठेवू नका. मेंबरने काढलेली पिल्लं शेवटी जाणार कुठे? कॉन्व्हिक्ट सिक्लिडची एक जोडी घराचा ताबा घेते, ज्यांनी ठेवलीये त्यांना माहितीये. क्लबमध्ये वाटून वाटून किती वाटणार, चांगली पिल्लं दुकानदाराने घेतली तर दोघांचं भलं.

आणि नियमात एक ओळ लाल अक्षरात टाका की नको झालेला मासा नदी-तळ्यात सोडायचा नाही. सकर मासा लहानपणी 'टँक साफ करतो' म्हणून घेतात आणि फूटभराचा झाला की पुलावरून खाली. जगभरच्या नद्यांत तो असाच माजलाय. क्लबने 'नको असलेला मासा आम्हाला द्या' एवढं एक काम केलं तरी मी वर्गणी भरेन.

निळा_टँक

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. लोगोवाल्या मित्राला सांगितलंय घाई नाही 😅

शेवाळवाली ताई आणि पीटदादा, दोघांचं वाचून असं वाटतंय की क्लब असं नाव न देताच सुरू करावं. आधी फक्त यादी. कोणाकडे कुठली जात, कुठून आली, किती नर किती मादी, द्यायला आहे का. पद नाही, वर्गणी नाही. किली का नाही म्हणाल तर माझ्याकडे एकही किली नाही, माझ्याकडे एंजल आणि पिल्लं घालणारे मासे आहेत. म्हणून विचार आहे की पिल्लं घालणाऱ्या माशांपासून सुरुवात करू, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल, ज्यांच्याकडे असतील ते गुडिइड. नवीन माणसाकडे पण हेच असतात म्हणजे तो दारात घाबरणार नाही, आणि ताईंचा धोक्यातल्या जातींचा मुद्दा पण त्यात बसतो. चालेल का हे?

अजून एक, ब्रीडिंगला पॉइंट देतात म्हणे परदेशी क्लबात, ते ठेवावं का?

जुनं_पीट

ठेव की, लोकांना पॉइंट आवडतात. बऱ्याच क्लबात पिल्लं ३० किंवा ६० दिवस जगली तरच पॉइंट मिळतात, सोप्या जातीला कमी, अवघडला जास्त, आणि काही पिल्लं क्लबला द्यावी लागतात. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, त्याशिवाय जात एकाच घरात अडकून पडते, त्या घरात एक रात्र लाइट गेली, हीटर बंद, की संपलं.

पिल्लं घालणाऱ्यांचं एक लक्षात ठेव, मादी एकदा नराबरोबर राहिली की पुढचे कित्येक महिने नराशिवाय पिल्लं देत राहते, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल सगळ्या. म्हणजे दुकानातून आणलेल्या मादीची पहिली काही बाळंतपणं कोणाची ते देवाला माहीत. गुडिइडचं तसं नसतं, त्यांना दर खेपेला नर लागतो. त्यामुळे यादीत 'मादी पिल्लू असतानाच वेगळी केली होती का' असा एक रकाना टाक. आणि प्लॅटी-स्वोर्डटेल एका टँकमध्ये ठेवणाऱ्यांची नोंद वेगळ्या पानावर, ते आपसात सर्रास मिक्स होतात.

शेवाळवाली

चालेल काय, पळेल. गुडिइड माझ्याकडे आहेत, अमेका स्प्लेंडेन्स, यादीत पहिलं नाव माझं टाका. यादीचा फॉर्म कोण बनवतंय? आणि खजिनदार भाऊ, तुम्हाला पद नको होतं ना, मग नोंदी तपासायचं काम तुमच्याकडे.

खजिनदार_नको_रे_बाबा

बघा, म्हणून मी गप्प बसत होतो. द्या पाठवून.