काळोखात ऐकलेला नाच

'नाचायचं-गायचंच असेल तर नाट्यगृहं आहेत की, कलादालन कशाला?' असं बरेच जण विचारतात. हा प्रश्न मलाही पडायचा. २०१२ साली जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या प्रदर्शनात कलाकार टिनो सेहगलची 'धिस व्हेरिएशन' ही नाच-गाण्याची कृती अनुभवली आणि तो सुटला.

खोलीत जवळजवळ मिट्ट काळोख. दोन पावलं टाकून मी थबकले, हातानं भिंत चाचपडू लागले. कानाशीच कुणीतरी श्वास घेतला. मग चहूकडून गुणगुणणं, टाळ्या, तोंडानंच धरलेला ठेका. वाद्य एकही नाही. हळूहळू डोळे सरावले तेव्हा कळलं, ज्यांना मी माझ्यासारखेच प्रेक्षक समजत होते त्यातले कितीतरी जण नाचत होते, चक्क मला वळसा घालून! नाट्यगृहात आपली खुर्ची ठरलेली असते, तिथे हे व्हायचं कसं?

सेहगल नृत्य आणि अर्थशास्त्र शिकलेला. त्याच्या कामाचे फोटो काढू देत नाहीत, विक्रीचा करारसुद्धा तोंडी होतो. बंदिश जशी गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात उतरते, तशी ही कृती माणसाकडून माणसाकडे जाते. मला हे फार भावतं.

आणि हे कालपरवाचं खूळ नव्हे. गायिका आणि नृत्यरचनाकार मेरेडिथ मंकनं १९६९ मध्येच न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात 'ज्यूस' या नाच-गाण्याच्या प्रयोगासाठी ८५ कलावंत आणले होते. तिथला चक्राकार चढत जाणारा मार्ग आणि मधली उंच पोकळी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्या आवाजांना जागा कशी मिळाली असेल ते जाणवेल.

असा प्रयोग कधी पाहायला मिळालाच, तर दाराशी थांबू नका. थेट मधोमध जाऊन उभे राहा.