एकवीस वर्षांनी आलेला ‘एम बी व्ही’ : तुम्हाला तो कसा वाटला?

उत्तररात्र

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडचा ‘लव्हलेस’ हा अल्बम मी महाविद्यालयात असताना एका मित्राच्या सीडीवरून पहिल्यांदा ऐकला आणि तेव्हापासून तो माझ्या रोजच्या ऐकण्यातला आहे. तो आला नोव्हेंबर १९९१मध्ये, आणि त्यानंतरचा ‘एम बी व्ही’ थेट फेब्रुवारी २०१३मध्ये. हा नंतरचा अल्बम ऐकायला मी मुद्दाम उशीर केला, कारण ज्या संगीतावर इतकी माया जडली आहे त्याच्या पुढचे काम फिके निघाले तर काय, ही धास्ती मनात होती. २०२१मध्ये बँडचे सगळे अल्बम स्ट्रीमिंगवर उपलब्ध झाले तेव्हाही मी टाळाटाळच केली.

गेल्या महिन्यात अखेर तो तीन वेळा सलग ऐकला, आणि मी खट्टू झालो आहे. पहिली तीन गाणी सुंदर आहेत यात वाद नाही, परंतु ‘लव्हलेस’साठी आणलेल्या कापडातून उरलेले तुकडे जोडावेत तशी ती मला वाटली. शेवटची दोन तर मला कळलीच नाहीत. ‘नथिंग इज’मध्ये एकच तुकडा साडेतीन मिनिटे आदळत राहतो आणि ‘वंडर २’ ऐकताना डोक्यावरून विमान जात असल्याचा भास होतो. ज्यांनी हा अल्बम आला तेव्हाच ऐकला, त्यांना त्या वेळी काय वाटले होते आणि आज काय वाटते, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

पहाटवारा

त्या दिवसाची आठवण अजून ताजी आहे. २७ जानेवारी २०१३ला लंडनमधील ब्रिक्स्टनच्या कार्यक्रमात बँडचे प्रमुख आणि गिटारवादक केव्हिन शील्ड्स यांनी अल्बम दोन-तीन दिवसांत येईल असे सांगितल्याची बातमी आम्ही वाचली, पण असे शब्द अनेक वर्षे ऐकलेले असल्यामुळे कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. २ फेब्रुवारीच्या रात्री तो खरोखरच बँडच्या संकेतस्थळावर आला. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट होती. संकेतस्थळ गर्दीने कोलमडले होते आणि मी नाशिकच्या घरी, सगळे झोपलेले असताना, त्रुटीचा तोच संदेश पुन्हापुन्हा पाहत बसलो होतो. सूर्य वर आल्यावर एकदाचे पान उघडले. ‘शी फाउंड नाउ’ सुरू झाले तेव्हा मला रडू आले, आणि ते गाण्यामुळे आले की सुटकेमुळे, हे आजही सांगता येणार नाही. म्हणून माझे त्या दिवसाचे मत आपण धरू नये.

आजचे मत असे आहे की, उरलेल्या कापडाचा आपला अंदाज अर्धा बरोबर आहे. या अल्बमचा बराच पाया १९९६-९७च्या सुमारास रचला गेला. ड्रमवादक कोल्म ओ कीसोग आणि बेसवादक डेबी गूज १९९५मध्येच बाहेर पडले होते, पुढे काम थांबले, आणि शील्ड्स यांनी २००६मध्ये त्या जुन्या टेप पुन्हा ऐकायला घेतल्या. गाणी जुन्या मुळांवर वाढली आहेत हे मला मान्य आहे, पण त्यामुळे ती शिळी ठरतात हे मान्य नाही. ‘ओन्ली टुमॉरो’च्या अखेरीस शब्द संपतात आणि गिटार एकच साधी ओळ पुन्हापुन्हा गाऊ लागते. तेवढा भाग डोळे मिटून ऐकून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

सहातारी

मी गिटार वाजवतो, त्यामुळे माझे उत्तर थोडे तांत्रिक होईल. शील्ड्स यांची पद्धत वरवर सोपी दिसते. ट्रेमोलोचा दांडा उजव्या तळव्यात सैलसर धरायचा आणि तो न सोडता त्याच हाताने तारा छेडत राहायच्या. हात खाली-वर होताना दांडाही हलतो, सहाही तारांचा ताण एकाच वेळी कमी-जास्त होतो, आणि अख्खी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, सुरावरून किंचित ओघळून परत जागेवर येते. सतारीवर मींड घेताना वादक एक तार खेचतो. येथे सगळा स्वरसमूहच एकत्र डोलतो. मी वर्षभर प्रयत्न केला, तरी माझी कॉर्ड डोलण्याऐवजी लडखडतेच, कारण दांड्यावरचा भार प्रत्येक ठोक्याला बदलतो आणि तो भार मोजता येत नाही, अंगात मुरवावा लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘लव्हलेस’वर गिटारचे शेकडो थर आहेत असा समज आहे, पण तेथे लोकांना वाटतात त्यापेक्षा गिटार पुष्कळ कमी आहेत, असे शील्ड्स यांनीच अनेकदा सांगितले आहे. त्यावरील बासरीसारखे अनेक सूर सॅम्पलरमधून, म्हणजे मुद्रित ध्वनीचे तुकडे वाजवणाऱ्या यंत्रातून, आलेले आहेत आणि तेच कानाला गोडवा देतात. ‘एम बी व्ही’च्या पहिल्या तीन गाण्यांत तो गोडवा मागे सरला आहे. ‘हू सीज यू’मध्ये गिटार जवळजवळ उघडी ऐकू येते, तिची डोलण्याची क्रिया जणू हाताच्या अंतरावरून दिसते, आणि ड्रम दुसऱ्या खोलीत वाजावेत तसे दबलेले राहतात. मला हे तुकडे जोडणे वाटत नाही. सजावट उतरवून भिंत दाखवणे वाटते. आपण कशावर ऐकले हेही महत्त्वाचे आहे. अल्बम अॅनालॉग टेपवर ध्वनिमुद्रित झाला आणि त्याची तबकडीही त्याच पद्धतीने तयार केली गेली. फोनच्या छोट्या स्पीकरवर त्यातील खालचा अर्धा भाग हरवतो, म्हणून निदान चांगले हेडफोन घ्यावेत.

टेम्सकाठ

मार्च २०१३मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलो या सभागृहात मी या बँडचा कार्यक्रम ऐकला. तेथे कानात घालायचे बोळे वाटले जात होते आणि ते खरोखर लागले. माझे मत वरील दोघांपेक्षा वेगळे आहे. या अल्बमचा खरा आरंभ सातव्या गाण्यापासून, म्हणजे ‘इन अनदर वे’पासून होतो, आणि आपण ज्या दोन गाण्यांपाशी अडलात तीच या अल्बमची कमाई आहे.

त्यासाठी नव्वदच्या दशकातील लंडन लक्षात घ्यावे लागते. बिनपरवाना रेडिओ केंद्रांवरून तेव्हा जंगल संगीत वाजत असे, ज्यात ड्रमचे छोटे तुकडे कापून, वेग वाढवून, विलक्षण गुंतागुंतीने जोडलेले असत. शील्ड्स यांना त्या संगीताची ओढ लागली होती. गिटारचे संगीत करणाऱ्या माणसाने ती ओढ कशी पचवली, याचा पुरावा म्हणजे ‘वंडर २’. त्यातील विमानाचा भास आपल्याला बरोबर झाला आहे. एकाच ध्वनीची प्रत अगदी किंचित उशिराने मूळ ध्वनीत मिसळली आणि तो उशीर हळूहळू बदलत नेला की असा सरसरता आवाज निर्माण होतो, त्याला फ्लँजर म्हणतात. येथे तो सगळ्या ध्वनींवर पसरला आहे, आणि गाण्याची चाल त्या आवर्तात अडकलेली आहे. तीन-चार वेळा ऐकल्यावर ती चाल सापडते आणि मग ती सोडत नाही. ‘नथिंग इज’बद्दल मात्र मी आग्रह धरणार नाही; प्रत्यक्ष कार्यक्रमात छातीवर आदळणारे संगीत घरी तितके पोहोचत नाही.

मृण्मयी_को

येथे कोणी चौथ्या गाण्याचा उल्लेखही केला नाही याचे वाईट वाटते. ‘इज धिस अँड येस’मध्ये ड्रम नाहीत, गिटारचा तो प्रसिद्ध डोलही नाही, केवळ ऑर्गनसारखे सूर आणि बँडच्या गायिका बिलिंडा बुचर यांचा आवाज आहे, आणि सूर घरी, म्हणजे मूळ स्वराकडे, न परतता फिरत राहतात.

तरीही पुनरागमन म्हणून मला स्लोडाइव्ह या बँडचा २०१७चा अल्बम अधिक जवळचा आहे. त्यांचा आधीचा अल्बम ‘पिग्मेलियन’ १९९५मध्ये आला, लगेच त्यांच्या कंपनीने त्यांना सोडले, २०१४मध्ये ते पाच जण पुन्हा एकत्र आले, आणि ‘पिग्मेलियन’नंतर बावीस वर्षांनी हा अल्बम आला. ‘शुगर फॉर द पिल’ ऐकताना माणसे एकमेकांचे ऐकत वाजवत आहेत हे जाणवते. ‘एम बी व्ही’ हा बव्हंशी एका माणसाचा, स्वतःशीच चाललेला संवाद आहे आणि त्याचा एकटेपणा मला प्रत्येक वेळी थोडा दूर ठेवतो.

उत्तररात्र

आपणा सर्वांचा मी आभारी आहे. काल रात्री हेडफोन लावून आधी शेवटची तीन गाणी ऐकली आणि नंतर पहिल्यापासून सुरुवात केली. ‘वंडर २’मधील चाल दुसऱ्या खेपेला सापडली, ती मधल्या सप्तकात, जवळजवळ ड्रमच्या खाली दडलेली आहे. ‘हू सीज यू’विषयीचे माझे म्हणणे मी मागे घेतो. ‘ओन्ली टुमॉरो’ मात्र मला अजूनही ‘लव्हलेस’च्या अंगणातलेच वाटते, आणि पहाटवारा यांनी सांगितलेला तो अखेरचा भाग ऐकताना मला त्याची तक्रार करावीशी वाटली नाही. एकटेपणाचा मुद्दा मनात राहिला आहे. स्लोडाइव्हचा अल्बम मी ऐकलेला नाही, तो या रविवारी ऐकतो आणि येथेच लिहितो.