सोसायटीला शंभर फुटी झेंड्याचा पोल हवाच का?

मानेवाडेकर
नागपुरातली आमची 48 फ्लॅटची सोसायटी. 15 ऑगस्टला झेंडा अर्ध्यावर अडकला. दोर कप्पीच्या खाचेतून घसरून चाक आणि बाजूच्या पट्टीच्या फटीत बसला. राष्ट्रगीत सुरू, माना वर, वॉचमन हिसके देतोय. अर्ध्यावरचा झेंडा म्हणजे दुखवटा, असं कोणीतरी पुटपुटलं तेव्हा अध्यक्षांचं तोंड पाहण्यासारखं होतं. आता त्यांना जुना तीस फुटी पाइप काढून शंभर फुटी पोल हवाय, बारा महिने चोवीस तास झेंडा, खाली फ्लडलाइट. माझा विरोध. आजार कप्पीचा आहे, उंचीचा नाही.

बर्डीचा बंटी
काऊन विरोध बाप्पा? अटारी बॉर्डरला 418 फुटी पोल झाला, 2023 मध्ये उद्घाटन आपल्याच गडकरींनी केलं. कोल्हापुरात 303 फूट आहे. आणि आपलं तर झेंडा सत्याग्रहाचं गाव! 1923 मध्ये झेंडा घेऊन गोऱ्यांच्या सिव्हिल लाइन्सकडे जाऊ देईनात, तर देशभरातून लोक इथं येऊन जेलात गेले. त्या गावात शंभर फूट जास्त होते का?

पाइपवाला
भाऊ, त्या लोकांच्या हातात झेंड्याची काठी होती.
गंमत सोडा, हिशेब बघा. पोलची उंची दुप्पट केली आणि झेंडाही त्याच मापात वाढवला, तर कापड चौपट होतं, तरफ दुप्पट. म्हणजे बुडाशी मोडायचा जोर आठपट. त्यात वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर पुन्हा चौपट. नागपूरसाठी डिझाइनला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात, ताशी दीडशे किलोमीटरच्या वर. तुमच्या पार्किंगखाली तेवढा पाया खोदणार कुठं? शिवाय वीजरोधक, मोटर, वायररोप. मे महिन्यातल्या एका वावटळीत कापडाच्या कडेच्या चिंध्या होतात, तो खर्च वेगळाच.

रिटायर पीटी सर
ध्वजसंहितेत 2022 मध्ये बदल झाला, त्यामुळे रात्रीही झेंडा ठेवता येतो, हे खरं. पण फाटका, मळका झेंडा लावायचा नाही, हा नियम कायम आहे. उतरवलेला फाटका झेंडाही कचऱ्यात टाकायचा नसतो. खाजगीत, मानानं, शक्यतो जाळून त्याची विल्हेवाट लावायची. वर नेताना झपकन, उतरवताना सावकाश. माझी पोरं हे दोराला हात लावून शिकली. बटण दाबून काय शिकणार?

बर्डीचा बंटी
सर, मान्य. पण रोज संध्याकाळी उतरवणार कोण? तुमच्या शाळेत पोरं होती. इथं नळाचं पाणी आलं तरी गच्चीवर कोणी जात नाही.

मानेवाडेकर
हे मात्र खरं बोललास. म्हणूनच म्हणतो, वर्षातून दोन-तीनदाच लावू, पण नीट लावू. बंटी, शंभर फुटांवर दोर अडकला तर वर चढणार कोण? आमचा पाइप निदान आडवा तरी होतो.

बर्डीचा बंटी
क्रेन बोलवायची ना.

पाइपवाला
क्रेनचं भाडं विचारलं का कधी?
मानेवाडेकर, वरचा बोल्ट काढून पाइप आडवा करा, चौघं जण लागतील. पितळी चाकाची कप्पी घ्या, चाक आणि पट्टीतली फट दोरापेक्षा बारीक हवी. दोराची जाडी मोजून सांगा.

मानेवाडेकर
आठ एमएम. रविवारी सकाळी मी आहे, वॉचमन आहे. अजून दोघं पाहिजेत.

बर्डीचा बंटी
मी येतो बे. पण शंभर फुटाचं सोडलं नाही मी.